डाव्या हाताचा टाका

आमच्या बुधवारा मोहल्ल्यात उन्हाळा आधी गच्च्यांवर दिसतो. होळी होऊन जाते, पोरांच्या परीक्षा संपत येतात आणि घराघरांतल्या पेट्या उघडू लागतात. जुनी सुती लुगडी, विटलेली धोतरं, उशांचे अभ्रे, कोणे एके काळचे पडदे, सगळं धुऊन दोऱ्यांवर येतं. एका गच्चीवर कुरडया वाळत असतात, तर शेजारच्या गच्चीवर लुगडी. आमच्याकडची झळ अशी, की ओलं लुगडं दोरीवर टाकत दुसऱ्या टोकाला पोचावं तर पहिलं टोक वाळून कडक झालेलं असतं. ते खाली काढून घडी घालताना त्याला भाजल्यासारखा एक वास येतो. उन्हाचा, साबणाचा आणि ते लुगडं ज्या बाईनं वर्षानुवर्षं नेसलं तिचाही थोडासा. हा वास आला की माझे हात शिवशिवतात. शिवायचं असतं म्हणूनच हातांना तसं होत असावं, असं मला लहानपणी खरोखर वाटायचं. अजूनही पुरतं खोटं वाटत नाही.

यंदाही परवा माडीवर पहिली गोधडी मांडली.

माडी म्हणजे माझा वर्ग. इथे वर्षभर मी बायकामुलींना शिवण शिकवते. ब्लाउज, फ्रॉक, सलवार, साडीला फॉल. खिडकीपाशी ओळीने मशीनी आहेत, त्यांची घरघर खालच्या गल्लीत ऐकू जाते. पण उन्हाळ्यात मशीनींवर चादर टाकायची, फरशी पुसून घ्यायची आणि सगळ्यांनी खाली बसायचं. मशीनवर बाई एकटी असते. गोधडीवर बसलं की आपोआप चार जणी होतात, गुडघ्याला गुडघा लागतो, आणि वर्षभर एकमेकींशी न बोललेल्या मुली दोऱ्याचं रीळ मागता मागता घरातलं काय काय सांगून जातात. शिकवण्यातला माझा सगळ्यात आवडता क्षण इथेच सापडतो. एखादी नवी मुलगी सुई कापडात घालते, ती सगळ्या थरांतून आरपार गेली की नाही हे तिला कळत नाही, म्हणून ती खालून बोट लावून बघते. सुईचं टोक बोटाला लागतं. ती दचकते आणि मग हसते. त्या हसण्यासाठी मी हा उद्योग इतकी वर्षं करत आले आहे.

गोधडी मी आईकडून शिकले. बाबा साताऱ्याकडचे, इथल्या कागद कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. कारखान्याच्या वसाहतीत बांबूच्या लगद्याचा एक आंबूस वास कायम असायचा. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना तो सहन व्हायचा नाही, आम्हाला त्याशिवाय करमायचं नाही. वसाहतीत आमच्यासारखीच सगळी बिऱ्हाडं दुरून आलेली. कोणी नागपूरकडचं, कोणी रत्नागिरीचं, कोणी अमळनेरचं. मे महिन्यात कडुलिंबाखाली सतरंजी टाकून बायका गोधड्या शिवायला बसत आणि पहिला दिवस भांडणात जाई. आई म्हणायची, कडेने सुरू करून फेरे घालत मध्ये यायचं. नागपूरच्या मावशी म्हणायच्या, सरळ ओळी घालायच्या, फेरे कसले घालता. रत्नागिरीच्या काकूंना दोघींचंही पटायचं नाही. शेवटी एका वर्षी प्रत्येकीने गोधडीचा आपापला भाग आपापल्या पद्धतीने शिवला. ती गोधडी आमच्या घरी आली. अंगावर घेतली की डोळे मिटून नुसता हात फिरवायचा आणि सांगायचं, ही मावशी, ही काकू, ही आई. माझं कधी चुकलं नाही.

तेव्हापासून मला एक ठाऊक होतं, की टाका हा माणसासारखा असतो, ओळखू येतो. पण हात कोणता, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो कमलमावशींनी घातला, काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात. गच्च्यांवर लुगडी दिसू लागली की मला तोच उन्हाळा आठवतो.

बहादरपूरची पूजा नावाची एक सून माझ्याकडे ब्लाउज शिकायला यायची. माणसं केळीवाली, घर भरलेलं. पूजा इंदूरकडे शिकलेली, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायची आणि परत यायची. त्या वर्षी तिला दिवस गेले होते, पोट चांगलं दिसू लागलं होतं, म्हणून तिच्या सोबतीला तिच्या सासूबाई यायला लागल्या. त्या कमलबाई. साठी ओलांडलेल्या, उंच, सावळ्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळणाऱ्या. त्या आत यायच्या नाहीत. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायच्या. मी चहा दिला तर घ्यायच्या, आणि नजर सतत मुलींच्या हातांवर.

गोधडीचा मोसम सुरू झाला तसं त्या एक काम न सांगता करू लागल्या. पायरीवर बसून सुयांत दोरे ओवून द्यायच्या. मुलींनी रिकामी सुई मागे टाकायची, कमलबाईंनी भरलेली सुई पुढे करायची. इतक्या झरझर ओवायच्या, की आमच्या निकिताला गंमत वाटली. निकिता ही गल्लीतलीच कॉलेजची मुलगी, जिभेला हाड नसलेली.

"मावशी, तुम्ही आत येऊन शिवा ना. नुसत्या सुया काय ओवता?"

"मले येत नई," कमलबाई म्हणाल्या आणि पुढची सुई उचलली.

पूजाने हातातलं कापड खाली ठेवलं. "ताई," ती मला म्हणाली, "मम्मीजींना शिकायचंय. त्या बोलणार नाहीत, म्हणून मीच बोलते. बाळासाठी दुपटं त्यांना स्वतः शिवायचंय. प्लीज, ना मत बोलना."

दुपटं म्हणजे तान्ह्या बाळाची गोधडी. हातभर लांबीची, जुन्यातल्या जुन्या मऊ कापडाची. मी नाही कशाला म्हणेन? मी त्यांना हाताला धरून आत आणलं, शेजारी बसवलं, कापडाचा तुकडा दिला आणि सुई दिली.

त्यांनी सुई उजव्या हातात घेतली आणि मला धक्काच बसला. ज्या बाईने इतक्या सुया ओवल्या तिला सुई धरताच येईना. टाका कुठेही पडत होता, एक बोटभर लांब, पुढचा तांदळाएवढा. घाम फुटला त्यांना. तेवढ्यात खाली गल्लीत कुणीतरी मोठ्याने हॉर्न वाजवला, सगळ्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं, आणि मी सहज वळून पाहिलं तर सुई त्यांच्या डाव्या हातात होती. दोन टाके पडले होते. सरळ, सारखे, जणू आखलेले. माझी नजर गेली तशी त्यांनी सुई झटकन उजव्या हातात घेतली आणि डावा हात पदराखाली लपवला.

"मावशी, तुम्ही डावखुऱ्या आहात?"

"उलट्या हाताची हाये मी," त्या इतक्या हळू म्हणाल्या, की मला वाकावं लागलं. "आमच्या घरी चालत नई. सुया ओवल्या तर चालते. शिवायचं नई."

पुढचं त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. माहेर असीरगडाच्या पायथ्याशी. लहानपणी डाव्या हाताने भाकरी मोडली की आजी तो हात चिंधीने कमरेला बांधून ठेवायची. जेवणाचा हात बदलला, पण बाकीची कामं डाव्याचीच राहिली. सासरी आल्यावर सुई बंद झाली. दर उन्हाळ्यात त्या अंगणात गोधड्या शिवल्या जायच्या, जावा, नणंदा, शेजारणी बसायच्या, आणि कमलबाई कडेला बसून सुया ओवायच्या. त्यांच्या स्वतःच्या मुलाचं, पूजाच्या नवऱ्याचं दुपटंसुद्धा थोरल्या जावेनं शिवलं होतं. का बंद झाली, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मी म्हटलं, "इथे चालतं. डावाच हात काढा."

म्हणणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून दाखवायला लागले आणि सगळा घोळ झाला. आम्ही उजवे लोक उजवीकडून डावीकडे शिवत जातो. माझा हात बघून त्या तसंच करू पाहायच्या आणि दोरा सुईच्या आड यायचा, कापड अंगावर गोळा व्हायचं. कात्री दिली तर ती कापड कापण्याऐवजी दोन पात्यांत दुमडून घ्यायची. आयुष्यभर मी कात्री धरली, पण ती फक्त उजव्या हातासाठी बनवलेली असते हे मला त्या दिवशी कळलं. मी घरी काम करता करता डाव्या हाताने शिवून पाहिलं. भाजीच्या पिशवीचा बंद तुटला होता, तो लावायला घेतला. बोटं अशी अडखळली, जणू ती माझी नव्हतीच. टोचून घेतलं, दोऱ्याचा गुंता केला. नवरा पेपर बाजूला करून म्हणाला, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "अभ्यास."

त्या अभ्यासातून एवढंच सुचलं, की शेजारी बसायचं नाही, समोर बसायचं. माझा उजवा हात त्यांच्या डाव्या हातासमोर आला. आरशात बघून भांग पाडावा तसं झालं. मी माझ्या उजव्याने जे करीन ते त्यांनी डाव्याने करायचं. आणि कात्री बाजूलाच ठेवली. जुनं सुती कापड कडेला जराशी चीर देऊन दोन्ही हातांनी ओढलं की धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जातं. टर्रर्र आवाज होतो आणि हवेत बारीक तूस उडतं. पहिल्यांदा त्यांनी तसं फाडलं तेव्हा त्या थांबल्या, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "सरळ गेलं व ताई." मग आणखी एक फाडलं. गरज नसताना आणखी एक. मुली हसायला लागल्या, त्याही हसल्या. पदर खांद्यावर घसरला होता, त्यांच्या लक्षात आलं नाही.

शिकल्या म्हणावं तर ते खरं नाही. इतकी वर्षं त्यांनी कडेला बसून जे पाहिलं होतं ते सगळं हाताच्या वाटेवर अडून राहिलं होतं, ते वाहू लागलं एवढंच. काही दिवसांत त्यांचा धावदोरा माझ्या मुलींच्या पुढे गेला. बारीक, दाणेदार, कुठे ओढलेला नाही, कुठे सैल नाही. दुपट्यासाठी त्यांनी आपल्या आईचं पोपटी लुगडं आणलं. धुऊन धुऊन पानाच्या मागच्या बाजूसारखं फिकट झालेलं. त्यात पूजाची जुनी ओढणी, आत मऊ धोतर, वर लाल दोरा. मी वाकून बघायला लागले की त्या कापड माझ्या बाजूला सरकवायच्या, आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. साठीच्या बाईचा तो चेहरा शाळेतल्या मुलीचा असायचा. मी "बरोबर" म्हटलं की पुन्हा काम सुरू.

त्याच दिवसांत वर्गातल्या मुलींनी ठरवलं, की पूजासाठी एक मोठी बाळंतिणीची गोधडीही शिवायची. माडीभर ती पसरली. प्रत्येकीने घरून काहीतरी आणलं. दुपारी बाहेर झळा चालू असत, खिडकीला ओलं गोणपाट लावलेलं असे, त्यातून येणारा वारा ओल्या मातीचा वास घेऊन यायचा, आणि आत आम्ही सगळ्या त्या कापडाच्या काठाकाठाने बसलेल्या. एवढ्या सुखात मी फार थोड्या वेळा बसले आहे.

आणि मग एका दुपारी जिन्यावर चपला वाजल्या. पूजाने वर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "मोठी मम्मी," ती पुटपुटली.

त्या सोनाबाई होत्या, कमलबाईंच्या थोरल्या जाऊबाई. घरातल्या सगळ्या गोधड्या ज्यांच्या हातच्या, त्या. लहानखुऱ्या, गोऱ्या, ताठ. हातात केळ्यांची पिशवी. ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली, पाणी प्यायल्या, पदराने कपाळ टिपलं. कमलबाईंच्या मांडीवर दुपटं होतं आणि डाव्या हातात सुई. लपवायला वेळच मिळाला नव्हता. का कोण जाणे, त्यांनी लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"तुमी हिच्या हाती सुई दिली?" सोनाबाईंनी मला विचारलं.

"दिली," मी म्हटलं.

"तुमाले माहीत नई, म्हणून तुमच्यावर राग नई माझा." त्या शांतपणे बोलत होत्या. आवाज चढलेला मला सोसला असता, ते शांत बोलणं जड गेलं. "ही नवी नवरी होऊन आली, त्या साली माझं पहिलं पोर झालं. पोरगा. त्याच्या दुपट्याले हिनं चार टाके घातले. हौसेनं. याच हातानं. सासूनं पायलं, पण नवी नवरी म्हणून बोलली नई. पोर गेलं माझं. महिन्याचंही नव्हतं झालं. मंग सासू म्हणाली, डाव्या हाताचा टाका लागला. तवापासून हिले सुई नई. आता घरात पुन्हा पहिलं पोर येऊ राहिलं. मी भांडाले नई आली. पण हे दुपटं घरात येऊ देणार नई मी."

कमलबाईंनी सुई कापडात खोवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मला त्या क्षणी सगळं कळलं. त्या घरात एवढी वर्षं त्या काय उरावर घेऊन सुया ओवत होत्या, ते. ज्या बाईचं मूल गेलंय तिच्याशी वाद कोण घालणार?

बोलली ती पूजा. वाद घातला नाही तिनं. पोटावर हात ठेवून, अगदी साधेपणाने विचारलं, "मोठी मम्मी, त्या बाळाला झालं काय होतं?"

सोनाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. असं वाटलं, हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कुणी विचारलाच नव्हता.

"ताप," त्या म्हणाल्या. "ताप आला होता. उतरलाच नई. दवाखान्यात आणाले निघालो तं पाऊस. बैलगाडी चिखलात रुतली. तुझे मोठे सासरे खाली उतरून चाक ढकलू राहिले, अन् मी पोराले पदराखाली घेऊन बसलेली. अंग नुसतं तव्यासारखं. चाक निघालं तवा..."

त्या थांबल्या. जे सांगितलं ते त्यांनी स्वतःच पहिल्यांदा ऐकलं होतं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ताप होता, पाऊस होता, चिखल होता. त्यात सुई कुठेच नव्हती.

कमलबाई हळूच म्हणाल्या, "जिजी, मी चिंधी धुवून देत होती. तापाची पट्टी. तुमाले आठवत नसंल."

"आठवते," सोनाबाई म्हणाल्या. "दारात उभी होती तू. आत येऊ देत नव्हते तुले."

मग त्या उठल्या. मला वाटलं, निघाल्या. निकिताने वाट द्यायला पाय आवरले. पण जाता जाता सोनाबाईंची नजर खाली पसरलेल्या मोठ्या गोधडीवर पडली आणि पाय थबकले.

"हा कोपरा कोनी मांडला?"

"मी," निकिता म्हणाली.

"आतल्या थराले सुरकुती हाये. शिवलं तं गाठोडं होईल इथी." असं म्हणत त्या बसल्याच. कोपरा उलगडला, आतलं धोतर तळहाताने ताणून सपाट केलं, वरचं लुगडं त्यावर घेतलं, दोन्ही कडा जुळवल्या. शिवणाऱ्या बाईला चुकीचा कोपरा टाकून जिना उतरता येत नाही, हे मला ठाऊक आहे. मी काही न बोलता ओवलेली सुई त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली.

आता इथे जे झालं ते नीट सांगते, कारण ते मी आयुष्यात एकदाच पाहिलं. गोधडीच्या एका कोपऱ्यापासून उजव्या हाताची बाई शिवायला लागली, तर ती एका कडेने डावीकडे जाते. त्याच कोपऱ्याची दुसरी कड तशीच राहते, कारण त्या कडेला कोपऱ्यापासून निघायचं तर उजवीकडे जावं लागतं, आणि उजव्या हाताला ते उलटं पडतं. पण डाव्या हाताला ते सुलटं. सोनाबाईंनी कोपऱ्यावर पहिला टाका घातला आणि आपल्या कडेने निघाल्या. कमलबाई क्षणभर बघत राहिल्या. मग दुपटं पूजाच्या हातात दिलं, उठल्या, आणि त्याच कोपऱ्यावर, जावेच्या गुडघ्याला गुडघा लावून, दुसऱ्या कडेला बसल्या. सुई डाव्या हातात. सोनाबाईंनी मान वर केली नाही. सरकून थोडी जागा दिली.

दोघी तिथून निघाल्या, पाठमोऱ्या होत गेल्या. एक इकडून, एक तिकडून. आम्ही बाकीच्या जणी उठून भिंतीला टेकून बसलो. दोरा कापडातून जाताना होणारी सरसर तेवढी ऐकू येत होती. मी मुलींना घरी जा म्हटलं, एकही गेली नाही. पूजा पाय लांब करून बसली होती, दुपटं पोटावर पसरून. कधी सोनाबाई पुढे असायच्या, कधी कमलबाई. कोण पुढे आहे हे दोघीही चोरून बघत होत्या, हे आमच्या ध्यानात आलं तेव्हा निकिताने तोंडावर ओढणी धरली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं. खाली मावा जिलेबीवाल्याच्या कढईचा वास यायला लागला, म्हणजे संध्याकाळ झाली होती.

समोरच्या कोपऱ्यावर दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. सोनाबाईंचा शेवटचा टाका आणि कमलबाईंचा शेवटचा टाका यांत नखभर अंतर उरलं. सोनाबाईंनी आपला दोरा तोडला नाही. कमलबाईंनी शिवलेल्या कडेवरून त्यांनी हात फिरवत नेला, पार लांबपर्यंत, आणि परत आणला. तो हात जाणकार होता. त्याला काही खोटं सांगता येणार नव्हतं.

"बारीक हाये," त्या म्हणाल्या. मग आपला दोरा जावेच्या बाजूला सरकवला. "गाठ तू मार."

कमलबाईंनी दोन्ही दोरे एकत्र घेतले आणि डाव्या हाताने गाठ मारली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. सोनाबाईंनी आपल्या पदराने पुसलं.

निकिता खाली धावली आणि जिलेबी घेऊन आली. त्या संध्याकाळी आम्ही गोधडीभोवती बसून गरम जिलेबी खाल्ली आणि कापडाला पाकाची बोटं लागू नयेत म्हणून एकमेकींना ओरडत होतो.

आता कमलमावशी बहादरपूरला त्यांच्या ओट्यावर स्वतःच गोधडी शिकवतात. मागच्या आठवड्यात मी गेले होते. केळीच्या बागांवरून येणारा वारा गार, ओट्यावर सात-आठ बायका, मध्ये मावशी. पूजाने मोबाइलवरून मागवलेली डाव्या हाताची कात्री त्यांच्या कमरेला दोरीने बांधलेली असते, आणि ती कुणी मागितली तर त्या देत नाहीत. सोनाबाई पलंगावर बसून सगळ्यांच्या सुरकुत्या काढतात. शिकवताना मावशी कुणाला रागावत नाहीत. एखादीचा टाका वाकडा गेला तर म्हणतात, "राहू दे. तो तुझा हाये." मला वाटतं, माझ्या वर्गातून बाहेर पडलेल्या कुणाहीपेक्षा त्या चांगल्या शिक्षिका झाल्या आहेत, आणि हे मी कुठेही उभी राहून सांगेन.

मला स्वतःलाही त्या उन्हाळ्याने बदललं. नवी मुलगी आली की मी आता आधी सुई हातात देत नाही. सुई मध्ये ठेवते आणि ती कोणत्या हाताने उचलते ते बघते. डावी निघाली की मला आतून आनंद होतो. मी उठून तिच्या समोर जाऊन बसते. तिची आई ओशाळून म्हणते, "खूप सांगितलं हो, ऐकत नाही." मी म्हणते, तिला नका सांगू, तिच्यासोबत गोधडीवर बसा, मग बघा.

त्याच वर्षी मृग लागायच्या जरा आधी पूजाला मुलगी झाली होती. बारशाला मी बहादरपूरला गेले. अंगणात केळीचे खांब लावलेले, मांडवाखाली बायकांची गर्दी, आंब्यांचा घमघमाट, लाऊडस्पीकरवर कुणी लावलेली हिंदी गाणी. बाळ पाळण्यात, आणि खाली ते पोपटी दुपटं. गावातली एक म्हातारी बाई जवळ आली, पाळण्यात वाकली, दुपट्याची कड बोटांत धरून बघितली.

"टाका कोनाचा व?" तिने विचारलं. "तुझा नई हा, सोना."

गावाला ती जुनी गोष्ट माहीत होतीच. मी कमलमावशींकडे पाहिलं. त्यांनी खाली बघितलं नाही.

सोनाबाईंनी बाळाला उचलून छातीशी धरलं, दुपटं पाळण्यातून काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं दोन्ही बाजूंनी उलगडून दाखवलं. "आमच्या कमलचा," त्या म्हणाल्या. "डाव्या हाताचा हाये. हात लावून पाहा."

दुपटं मांडवात हातोहात फिरलं. एकेक बाई कड चाचपायची, उलटून मागची बाजू बघायची, पुढचीकडे द्यायची. त्या वेळी कमलमावशी परात घेऊन घुगऱ्या वाटत होत्या. उजव्या हातात परात, आणि मूठ भरत होता डावा हात. त्यांच्या ते ध्यानातही नसावं. बायका आपापली ओंजळ पुढे करत होत्या, आणि एकीनेही हात मागे घेतला नाही.